राधाच्या जागी सुपारी

राधा गेली त्या सकाळी मी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी चाव्या द्यायच्या रांगेत उभा होतो. वारज्यातली आमची जुनी इमारत पाडून तिथे नवी बांधायची होती. चार मजले, लिफ्ट नाही, गच्ची गळकी. सगळे सभासद भाड्याच्या घरांत राहायला गेले होते आणि त्या दिवशी जुन्या घरांच्या चाव्या बिल्डरच्या माणसाकडे द्यायच्या होत्या. दुपारी रिकाम्या पार्किंगमध्ये सगळ्यांनी एकत्र जेवायचं असं राधानं ठरवलं होतं. मटार उसळ ती करणार होती. मटार मंडईतलाच हवा म्हणून ती सकाळीच बसनं मंडईत गेली होती.

फोन तिच्या नंबरवरून आला. बोलणारी बाई दुसरीच होती.

"ह्या फोनवाल्या बाईंचं तुम्ही कोन?"

"मी त्यांचा नवरा. आपण?"

"मी वेणूबाई. मंडईत भाजीचा गाळा हाय माझा. त्या मटार निवडाया बसल्या, त्या उठंनात. डॉक्टरला बोलावलंय. तुम्ही लगेच या." मग जरा थांबून ती परत म्हणाली, "या लगेच." दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज खाली आला होता. मला तेव्हाच कळलं.

रांगेत माझ्या पुढे दत्तप्रसाद होते. ते सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी मागे वळून विचारलं, "काय झालं रंगराव?"

"काही नाही. जरा मंडईत जाऊन येतो," मी म्हणालो.

बाहेर येऊन रिक्षासाठी उभा राहिलो. तीन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं, तरी मी मागे फिरून कोणाला हाक मारली नाही. मंडईत पोचलो तेव्हा राधाला पोत्यांवर निजवलं होतं. वेणूबाईनं गाळ्यावरची ताडपत्री आडवी बांधून लोकांची नजर अडवली होती. डॉक्टर येऊन गेले होते. मटारची पिशवी राधाच्या उशाशी होती, गाठ मारलेली.

"काय बोलल्या न्हाईत," वेणूबाई म्हणाली. "शेंगा कवळ्या हायेत म्हनल्या, तेवढंच."

डॉक्टर नंतर म्हणाले की क्षणात झालं, कोणीही काही करू शकलं नसतं. ते खरं आहे. तरी संध्याकाळी सगळं उरकल्यावर दत्तप्रसाद मला म्हणाले, "अहो, माझी गाडी तिथेच उभी होती. सांगायचं तरी."

"तुम्हाला कशाला त्रास," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते गेले. राधा असती तर म्हणाली असती, भीड ही भिकेची बहीण. लग्न होऊन वाशीमहून पुण्याला आलो तेव्हापासून ती मला हे ऐकवायची. हॉटेलात वेटरनं चुकीचं ताट आणलं तर मी तेच खाऊन उठायचो. कंपनीत माझी पाळी बदलायची असली तरी साहेबांना विचारायला मी दहा वेळा दारापर्यंत जाऊन परत यायचो. तिचं तसं नव्हतं. तिचे गुडघे दुखायला लागले आणि जिना चढवेना, तेव्हा तिनं सरळ सोसायटीची मीटिंग बोलावली आणि विचारलं, "आपण सगळे म्हातारे झाल्यावर वर कसे चढणार आहोत? उचलून नेणार का आपल्याला कोणी?" तिथून इमारत पाडायचा विषय निघाला.

नंतर घरोघरी जाऊन सह्या तिनंच घेतल्या. तिच्याबरोबर शर्मिलावहिनी असायच्या, दत्तप्रसादांच्या पत्नी. त्या दोघींचं नातं मला कधी कळलं नाही. समोरासमोर दारं होती. कपड्याच्या दोरीवरून दोघी सहा सहा महिने बोलत नसत. सह्या घ्यायला मात्र बरोबर जायच्या आणि जिन्यात एकमेकींना टोमणे मारत वर चढायच्या. राधा गेल्यावर शर्मिलावहिनी रोज डबा पाठवायच्या. स्वतः कधी आल्या नाहीत.

जुनी इमारत पडली. राडारोडा उचलला गेला. राधाचं वर्षश्राद्ध झालं त्यानंतर खोदाई सुरू झाली. भाड्याच्या घरात मला करमत नव्हतं, म्हणून मी रोज सकाळी साइटवर जाऊन बसायचो. रणजित नावाचा तिथला इंजिनिअर चांगला मुलगा होता. त्यानं मला एक हेल्मेट आणि प्लास्टिकची खुर्ची दिली.

"काका, तुम्ही इथे बसलात की माझे लोक नीट काम करतात," तो म्हणाला. "त्यांना वाटतं तुम्ही बिल्डरचे सासरे आहात."

खड्डा खूप खोल झाला. तळाला काँक्रीटचा पातळ थर दिला गेला आणि त्यावर लोखंडी सळयांची जाळी विणायला घेतली. खाली एक, वर एक. माणूस आत आडवा होऊन सरकू शकेल इतकं अंतर दोन जाळ्यांमध्ये. रणजितनं मला समजावून सांगितलं की सगळी इमारत या एकाच जाड थरावर बसणार आहे, आणि तो एका दमात ओतायचा असतो. मध्ये थांबलं तर तिथे सांधा राहतो. जाळीत एका बाजूला चौकोनी खोलगट जागा सोडली होती.

"ते काय?" मी विचारलं.

"लिफ्टचा खड्डा."

मी त्या जागेकडे बराच वेळ बघत बसलो.

काँक्रीट ओतायच्या आधी पायाची पूजा करायची ठरली. त्यासाठी दत्तप्रसादांच्या भाड्याच्या घरी सगळे जमलो. पूजेला जोडपं बसायला हवं. राधा असती तर आम्ही दोघं बसणार हे पूर्वीच ठरलेलं होतं. तिनं त्यासाठी एक मोरपंखी साडीही काढून ठेवली होती. आता ती नाही म्हटल्यावर दत्तप्रसाद म्हणाले, "आम्ही दोघं बसतो. सेक्रेटरी म्हणून ते बरोबरही दिसेल."

मी कधी मीटिंगमध्ये बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. म्हणालो, "मी बसणार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुरुजी तिथेच चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "बसू शकता. पत्नीच्या जागी कमरेला सुपारी खोचायची. शास्त्रात सोय आहे."

"पण बरं दिसेल का ते?" दत्तप्रसाद म्हणाले.

"तुम्हाला शास्त्र हवंय की फोटो?" गुरुजींनी विचारलं.

शर्मिलावहिनी आतून पोह्यांच्या बशा घेऊन येत होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्यांनाच बसू द्या. जागा राधाची आहे. मला नको." विषय तिथे संपला. मला फार बरं वाटलं. राधाच्या वतीनं मी एकदा तरी ठाम बोललो असं वाटलं.

सुपारी नम्रतानं आणली. नम्रता आमची एकुलती एक मुलगी. ती आणि तिचा नवरा बाणेरला राहतात, दोघंही आयटीत आहेत. ती मुद्दाम शनिवार पेठेत जाऊन पूजेच्या साहित्याच्या दुकानातून एक टपोरी, गोल सुपारी घेऊन आली. पूजेच्या सकाळी तिनं ती धुतली, पुसली, हळदीकुंकू लावलं आणि माझ्या हातात दिली. "बाबा, प्लीज नीट सांभाळा. ही आई आहे आज," ती म्हणाली.

मी आयुष्यभर पँट घातलेला माणूस. सोवळं नेसायची सवय नव्हती. गुरुजींनी निऱ्या करून दिल्या आणि सुपारी कमरेला खोचायला लावली. "घट्ट खोचा," ते म्हणाले.

खड्ड्यात उतरायला मातीचा उतार केलेला होता. जाळीवर प्लायवूडचे तुकडे टाकून चालायला वाट केली होती. लिफ्टच्या खड्ड्याशेजारी पाट मांडला होता. सळयांना झेंडूच्या माळा लावल्या होत्या. सभासद उतारावर, कडेला आणि समोरच्या प्लायवर उभे होते. वर रस्त्यावर काँक्रीटचे मिक्सर येऊन थांबले होते, आणि पंपाचा लांब पाइप आमच्या डोक्यावर वाकून उभा होता.

मी पाटावर बसलो. शेजारचा पाट रिकामा होता. गुरुजींनी संकल्प सांगायला घेतला तेवढ्यात दत्तप्रसाद मागून म्हणाले, "रंगराव, वहिनींना घट्ट धरून ठेवा हो. सुटल्या तर इथेच मीटिंग बोलावतील."

सगळे हसले. मीही हसलो.

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. ते राधालाही तिच्या तोंडावर असंच बोलायचे आणि ती त्यांना दुप्पट परत द्यायची. पण ती आता परत देणार नव्हती, आणि मी हसलो होतो. नम्रता हसली नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं. शर्मिलावहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचं झालं असेल तर गुरुजींना बोलू द्या."

पूजा झाली. तांब्याचा कलश खाली ठेवला. मग गुरुजी म्हणाले की काँक्रीटचं पहिलं घमेलं यजमानांनी टाकायचं. कामगारानं घमेलं भरून माझ्या हातात दिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जड होतं. प्लायवर उभा राहून मी वाकलो आणि घमेलं उलटं केलं. तेव्हा कमरेशी काहीतरी सैल झालेलं मला कळलं. सुपारी मांडीवरून घसरली, प्लायच्या कडेवर पडली आणि जाळीतून खाली गेली. सळईला लागल्याचा बारीक आवाज आला. आजूबाजूला टाळ्या वाजत होत्या.

मी खाली बघितलं. सुपारी तळाला पडली होती, एका सिमेंटच्या ठोकळ्याला टेकून. तिच्यावरचं हळदीकुंकू मला वरून दिसत होतं.

थांबा, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात होता. पण त्याच्या मागोमाग दत्तप्रसाद काय म्हणतील तेही मला ऐकू आलं. बघा, सुटल्या वहिनी. मग पुन्हा सगळे हसतील. सगळ्यांनी फोन वर धरले होते, त्या हसण्याचं चित्रीकरणही झालं असतं. वर मिक्सर थांबले होते, पंपावरचा माणूस रणजितच्या हाताकडे बघत होता. एवढ्या लोकांना एका सुपारीसाठी थांबवायचं. मी घमेलं परत दिलं आणि बाजूला झालो.

पंप सुरू झाला. लांबच्या कोपऱ्यात काँक्रीट पडायला लागलं. आमच्या बाजूला यायला त्याला अजून वेळ होता.

तेवढ्यात शर्मिलावहिनींचा आवाज आला. त्यांचा आवाज आमच्या जुन्या इमारतीत चार मजले ऐकू जायचा. "थांबा. थांबा म्हणते ना. माझा फोन पडला जाळीत."

रणजितनं हात वर केला. पंप थांबला.

"झालं," दत्तप्रसाद म्हणाले. "इमारतीच्या पायालासुद्धा हिचा फोन लागतो."

"तुम्ही गप्प बसा. त्यात नातवाचे फोटो आहेत," वहिनी म्हणाल्या.

लोक हसले. वहिनींना त्याचं काही वाटलं नाही. त्या कमरेवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. कडेला जाळी अजून बांधायची राहिली होती, तिथून एक कामगार आत शिरला आणि पोटावर सरकत पुढे आला. फोन लिफ्टच्या खड्ड्याशेजारी पडला होता. सुपारीपासून हातभर अंतरावर. कामगारानं फोन उचलला, शर्टाला पुसला आणि सळयांमधून वर दिला. मग तिथूनच त्यानं विचारलं, "और कुछ गिरा है क्या?"

रणजितनं सगळ्यांकडे बघून विचारलं, "अजून काही पडलंय का कोणाचं? आत्ताच सांगा. नंतर मिळणार नाही."

माझा हात कमरेवर होता. कामगार बरोबर माझ्या खाली होता, त्याचं तोंड मला दिसत होतं. त्याला नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. रणजित माझ्याकडे बघत होता, कारण यजमान मी होतो.

"नाही, नाही," मी म्हणालो. "चालू द्या."

कामगार सरकत बाहेर गेला. पंप पुन्हा सुरू झाला. पाइप हळूहळू आमच्या बाजूला वळला. राखाडी काँक्रीट जाळीतून खाली गेलं, कामगारांनी त्यात व्हायब्रेटर घातला, काँक्रीट थरथरून सपाट झालं. कलश दिसेनासा झाला. ठोकळाही दिसेनासा झाला. मी हात जोडून उभा होतो. कोणीतरी माझा फोटो काढला. तो सोसायटीच्या ग्रुपवर आहे. त्याखाली लोकांनी फुलं टाकली आहेत.

वर आल्यावर गुरुजी सामान आवरत होते. ते म्हणाले, "यजमान, कमरेची सुपारी काढून ताम्हनात ठेवा. तिचं विसर्जन करायचं."

मी पाठ फिरवली. पूजेच्या ताटात उरलेल्या सुपाऱ्या होत्या. त्यातली एक उचलली, अंगठ्यानं तिला हळदीकुंकू फासलं आणि ताम्हनात ठेवली. असं काही मला सुचेल असं मला वाटलं नव्हतं. तोंडातून एक शब्द निघत नाही, पण हात चटकन खोटं करून मोकळे झाले.

नम्रता पुढे आली. "गुरुजी, विसर्जन नको. मी ही घरी ठेवली तर चालेल?"

"ठेवा. सुपारीला काय, खोली लागत नाही," गुरुजी म्हणाले.

तिनं सुपारी तळहातावर घेतली. "सकाळी मोठी वाटली होती," ती म्हणाली. मग रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

राधाचा एक चांदीचा करंडा होता, कुंकवाचा. लग्नात तिच्या आईनं दिलेला. नम्रतानं त्यात तांदूळ घातले, त्यावर ती सुपारी ठेवली आणि करंडा देवघरात ठेवला. रोज सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी ती त्याला हळदीकुंकू लावते. मी तिच्याकडे गेलो की मलाही नमस्कार करायला लावते. मी करतो.

सांगायचं असं ठरवून एका रविवारी मी बाणेरला गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवत गेलो. नम्रता, त्या दिवशी एक गोष्ट झाली. एवढी सुरुवात झाली की पुढचं आपोआप येईल असं वाटलं. जावई बाहेर गेला होता. नम्रतानं पोहे केले. मी बशी हातात घेतली आणि म्हणालो, "नम्रता, त्या दिवशी—"

तिला वाटलं मी आईच्या दिवसाबद्दल बोलतोय.

"बाबा, मला पण त्याच्याबद्दल बोलायचं होतं," ती म्हणाली. "तुमचे एवढे कॉल आले आणि मी मीटिंगमध्ये होते. फोन सायलेंटवर होता. मी बघितला होता बाबा, स्क्रीनवर तुमचं नाव. मला वाटलं, आईनं जेवायला बोलावलंय म्हणून आठवण करायला फोन करताय. मी उलटा करून ठेवला."

मी बशी खाली ठेवली.

"कोणाला सांगितलं नाही मी हे. फक्त आईला सांगितलं." तिनं देवघराकडे हात केला. "रोज सांगायचे. आता नाही सांगावं लागत. आता तिच्यासमोर बसलं की वाटतं, झालं, ठीक आहे. वेडेपणा आहे ना? एवढीशी सुपारी."

"वेडेपणा काय त्यात," मी म्हणालो.

"नव्या घराच्या वास्तुशांतीला हीच घ्यायची बाबा कमरेला. दुसरी नाही."

"बरं," मी म्हणालो. पोहे संपवले. ती म्हणाली अजून घ्या, तर अजून घेतले.

त्यानंतर मी गुरुजींना विचारायचं ठरवलं, पण त्यांनाही काय विचारणार. रणजितला मात्र विचारलं. काँक्रीटमध्ये लाकडाचं काही राहिलं तर काय होतं, असं आडून.

"किती मोठं?" त्यानं विचारलं.

"सुपारीएवढं समज."

"कुजेल हळूहळू. तेवढी पोकळी राहील. बिल्डिंगला काही होत नाही." मग तो हसला. "का काका, तंबाखूची डबी पाडली का तुम्ही? तेव्हाच सांगायचं. त्या काकूंच्या फोनला थांबलो, तुमच्यासाठी नसतो थांबलो?"

"एका दमात ओतायचं असतं म्हणाला होतास."

"पाच-दहा मिनिटांनी काही बिघडत नाही हो."

पाया झाला, खांब वर आले, लिफ्टच्या भिंती उभ्या राहायला लागल्या. मी रोज जात होतो. पूर्वी तिथे गेलं की बरं वाटायचं. आता जायला पाय उचलत नव्हता, आणि न गेलं तर घरी बसवत नव्हतं.

दुसरा स्लॅब पडला त्या आठवड्यात शर्मिलावहिनी साइट बघायला आल्या. राधा गेल्यानंतर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या असं पहिल्यांदाच झालं. रणजितनं त्यांनाही खुर्ची दिली. त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि इमारतीचा फोटो घेतला. फोनच्या काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा होता.

"नवीन का घेत नाही, वहिनी?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"चालतोय. काच फुटलीय तेवढी."

"त्या दिवशी सापडला हेच नशीब."

"सापडणारच होता. जागा बघूनच टाकला होता," त्या म्हणाल्या.

मला आधी समजलं नाही. त्या फोटो बघत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या.

"मी समोरच उभी होते, भावोजी. सुपारी पडताना बघितली. तुमचं तोंडही बघितलं. म्हटलं, आता बोलतील. बोलला नाहीत."

"मग तुम्ही का नाही—"

"मी ओरडले असते तर आमच्या ह्यांनी काहीतरी विनोद केला असता, आणि सगळे परत राधावर हसले असते. एकदा ऐकलं होतं, पुरे होतं मला तेवढं." त्यांनी फोन पिशवीत ठेवला. "म्हणून फोन टाकला. म्हटलं हसायचं तर मला हसतील. पंप थांबेल, माणूस खाली उतरेल, मग तुम्ही हळूच त्याला सांगाल. तर तुम्ही म्हणालात, चालू द्या."

वरच्या मजल्यावर स्लॅबवर पाणी सोडलं होतं, ते कडेवरून खाली ठिबकत होतं. मी तिकडे बघत राहिलो. मान वळवून त्यांच्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

"राधा म्हणायची," त्या म्हणाल्या, "आमचे हे बुडताना पण आरडाओरडा करणार नाहीत, शेजाऱ्यांची झोपमोड होईल म्हणून. आम्ही दोघी फार हसायचो त्याच्यावर." मग म्हणाल्या, "पण त्या दिवशी तुम्ही बुडत नव्हतात, भावोजी."

मी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

त्यांनी विचारलं, "नम्रतानं देवघरात ठेवलीय ती कुठली मग?"

"ताटातली."

"तिला माहीत आहे?"

"नाही."

"मला ती फोन करते अधूनमधून. आईशी बोलले म्हणते. मी हो हो करते." त्या उठल्या, साडी झटकली. "मी तिला सांगणार नाही. ते तुमचं आहे. माझा एक फोन टाकून झाला, आता दुसरा नाही माझ्याकडे."

उतारावरून जाताना त्या लिफ्टच्या भिंतीपाशी थांबल्या. चप्पल काढली, भिंतीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि गेल्या. तिथे काम करणाऱ्या कामगारांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं असेल, बाईंना लिफ्टचं फार कौतुक आहे. मी तिथे रोज बसत होतो. चप्पल काढायचं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मनात आलं असतं तरी लोक काय म्हणतील म्हणून काढली नसती.

त्याच संध्याकाळी मी नम्रताला फोन लावला. तिनं लगेच उचलला. हल्ली ती माझा फोन लगेच उचलते, कुठेही असली तरी. मागे माणसांचा आवाज येत होता, ती ऑफिसात होती.

"बोला बाबा. काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. दुसरा स्लॅब पडला, ते सांगायला केला."

"एवढंच ना? घाबरले मी. थांबा हं, बाहेर येते." ती बाहेर आली असावी, आवाज कमी झाला. "हं, बोला आता. मी निवांत आहे."

ती खरंच थांबली होती. मी पाण्याची बाटली उघडली, बंद केली.

"तू जेवलीस का?" मी विचारलं.

आता चौथा स्लॅब पडला आहे. वास्तुशांतीचं गुरुजींशी नम्रताच बोलते आहे. तिनं त्यांना सांगून ठेवलं आहे की सुपारी आमच्याकडची आहे, तुम्ही आणू नका. मी अजून साइटवर जातो, खुर्चीवर बसतो. नम्रताला सांगायचं राहिलं आहे.